गाणे कागदावर कसे आले आणि तेथे कसे टिकले

गाण्याविषयी बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला, अशी शंका श्रोत्यांच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. आम्ही गवई नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि बिडी कारखान्यांच्या ओट्यांवर झाले. परंतु गेली तीस वर्षे आम्ही एक काम सातत्याने करीत आलो आहोत आणि ते म्हणजे नोंदी राखण्याचे. कोणी किती हजार बिड्या वळल्या, त्यातून किती 'छाट' म्हणून फेकल्या गेल्या, हप्त्याला किती पैसे हाती पडले, ही सारी वहीची कामे. वही एकट्या सट्टेदाराच्या हाती असली म्हणजे काय होते ते आम्ही पाहिले आहे. एका कारखान्यात पंधरा-पंधरा वर्षे बिड्या वळलेल्या बायांना भविष्यनिर्वाह निधीच्या वेळी सांगण्यात आले, की तुमचे नाव आमच्या वहीत नाही. दुसरी वही नव्हती, म्हणून दुसरे सत्यही नव्हते. १९६६ सालचा बिडी व सिगार कामगार कायदा झाला तरी, कामगाराच्या घरी त्याची स्वतःची नोंद असल्यावाचून त्याला धार येत नाही, असा आमचा अनुभव आहे. तेव्हा 'प्रत' या शब्दाशी आमचा परिचय जुना आहे, आणि गाण्याच्या इतिहासाकडे आम्ही वळलो ते याच वाटेने.

आता प्रश्न असा, की गाण्याची प्रत होते तरी कशी? शिवलेल्या अंगरख्याची प्रत काढता येते, लेखाची काढता येते. परंतु जे उच्चारताच नाहीसे होते त्याचे काय? आपल्याकडे शतकानुशतके याचे उत्तर एकच होते: गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात. शिष्य हीच प्रत. ही व्यवस्था वाटते तितकी कच्ची नव्हती. एका खाँसाहेबांनी चार मुलगे आणि सहा शागीर्द तयार केले म्हणजे दहा प्रती झाल्या, आणि त्या दहा गावी राहत असल्यामुळे एका गावात पटकी आली तरी बाकीच्या वाचत. भीती होती ती संख्या घटण्याची. १८५६ साली अवधचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पुढच्याच वर्षी उठाव झाला, आणि लखनौ-दिल्लीकडचे कलावंत पोटासाठी दिशा फुटतील तिकडे पांगले. कोणी रामपुरास, कोणी जयपुरास, कोणी बडोद्यास गेले. आश्रय कमी झाला तसे शागीर्दही कमी झाले. घराण्यातल्या दोनशे चिजा एका माणसाच्या स्मरणात उरल्या आणि तो माणूस साठीला आला, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली.

कागदाचा उपाय आपल्याकडे कोणाला सुचला नव्हता असे मात्र नाही. तेराव्या शतकात आपल्याच महाराष्ट्रात, देवगिरीच्या यादवांच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याच्या आजाने काश्मिरातून येऊन दक्षिणेत वस्ती केली होती. सिंघण राजाच्या काळात त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. पुढे १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि काही वर्षांत यादवांचे राज्यही गेले. परंतु ग्रंथ गेला नाही. त्याच्या नकला तोपर्यंत दूरवर पोचल्या होत्या. आंध्रात सिंहभूपालाने त्यावर टीका लिहिली, आणि पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथाने लिहिली. राजधानी बुडाली तरी दुसऱ्या राज्यांच्या पोथीशाळांत त्याच्या प्रती होत्या, म्हणून तर १८९६-९७ साली पुण्याच्या आनंदाश्रमाला तो कल्लिनाथाच्या टीकेसह छापता आला.

मात्र येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात स्वरांची अक्षरे आहेत, तालाचे हिशोब आहेत. परंतु त्यातला राग आज कोणी छातीठोकपणे गाऊन दाखवू शकत नाही. पोथीची प्रत अखंड राहिली आणि कंठाची प्रत तुटली. कोणत्या षड्जापासून मोजावयाचे, कोणता स्वर किती हलवावयाचा, हे जे पोथीबाहेर होते ते पोथीबरोबर आले नाही. नुसता कागद जपणाऱ्यांनी हे विसरू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वर कागदावर उतरविण्याची नवी खटपट सुरू झाली. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी आणि शौरींद्रमोहन ठाकूर यांनी ती केली. आपल्या बाजूला बडोद्यात मौलाबक्ष यांनी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली तेथे गायनशाळा काढली, तिचे प्रमुख मौलाबक्ष होते, आणि शाळेसाठी स्वरलिपीची पुस्तके निघाली. शाळा आली की पुस्तक लागतेच. एका गुरूपुढे एक शिष्य बसतो तेथे स्मरण पुरते. एका गुरूपुढे चाळीस मुले बसली की फळा आणि छापील पान लागते. आम्हांस हे गिरणीसारखे वाटते. हाताने सूत काढणाऱ्यास मापाची फारशी गरज नसते. यंत्र आले की माप ठरवावेच लागते.

या कामाला ज्यांनी आयुष्य दिले त्यांत दोन विष्णू ठळक आहेत. त्यांतले विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. १९०१ साली मे महिन्यात त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि स्वतःचा छापखाना घालून पुस्तके काढली. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली. तेथे इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि ती इमारत लिलावात गेली. कोणाही संस्थेचा शेवट म्हणावा असा तो प्रसंग होता. परंतु पुस्तके तोपर्यंत पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत शिष्यांच्या घराघरांत पोचली होती, आणि ते शिष्यही स्वतः शिकवू लागले होते. १९३१ साली विष्णु दिगंबर वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. लिलाव फक्त भिंतींचा झाला होता.

दुसरे विष्णू म्हणजे विष्णु नारायण भातखंडे, आणि आमच्या विषयाचा गाभा तेच आहेत. १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईस वाळकेश्वरी त्यांचा जन्म झाला. पदवी घेतली, १८८७ साली वकिलीची परीक्षा दिली, काही दिवस कराचीत वकिलीही केली. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली काढलेली 'गायन उत्तेजक मंडळी' नावाची संस्था होती. तेथे त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे घेतली. पुढे १९०० साली पत्नी आणि १९०३ साली एकुलती कन्या गेली. त्यानंतर या गृहस्थाने वकिली बाजूस ठेवून हिंदुस्थानभर जो प्रवास केला, त्याला आमच्या मते तोड नाही. हाती दौत, कागद आणि प्रश्नांची यादी. १९०४ साली दक्षिण. १९०७ साली नागपुरापासून कलकत्त्यापर्यंत. त्यानंतर उत्तरेकडची शहरे आणि संस्थाने.

दक्षिणेत एट्टयापुरम येथे ते सुब्बराम दीक्षितरांना भेटले. तेथे त्यांना व्यंकटमखीच्या 'चतुर्दंडिप्रकाशिका' या ग्रंथाची ओळख पटली. सतराव्या शतकातल्या त्या ग्रंथात बहात्तर मेळांची जी मांडणी आहे, तिच्यावरून पुढे भातखंड्यांना उत्तरेकडचे राग दहा थाटांत बसविण्याची कल्पना आली. तंजावरास आपल्या मराठे राजांनी जपलेला सरस्वती महाल होता, बिकानेरास राजांचे पोथीघर होते. जेथे जुना ग्रंथ दिसेल तेथे बसून त्याची नक्कल करवून घ्यावयाची आणि मुंबईस आणून तो छापावयाचा, असा त्यांचा परिपाठ होता. एकेका संस्थानच्या कपाटात एकेक पोथी होती. तिच्या शेकडो प्रती झाल्या. आता त्या कपाटाला वाळवी लागली तरी चालेल, असे म्हणण्याइतकी सोय या एका माणसाने केली.

परंतु पोथ्या मिळविणे सोपे होते. पोथी आपण होऊन 'नाही' म्हणत नाही. अवघड होते ते खाँसाहेबांकडून चिजा मिळविणे. याविषयी आपल्या पुस्तकांतून एक सूर नेहमी ऐकू येतो: उस्ताद लोक अडाणी, कंजूष, विद्या लपविणारे. आम्हांस हा सूर मान्य नाही. कारागिराने आपली हातोटी लपविली तर तिला कंजुषी म्हणणे हे ज्याला महिन्याचा पगार मिळतो त्याला शोभते. त्या काळच्या गवयाला ना निवृत्तिवेतन होते, ना भविष्यनिर्वाह निधी. राजा मेला, नवा आला, त्याला गाण्याची आवड नसली तर दुसऱ्या दिवशी चूल बंद. त्याच्याजवळ विकावयास काय होते? दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही अशी चीज. तीच त्याची ठेव, तीच मुलीच्या लग्नाची तरतूद. ती एका वकिलाने कागदावर उतरवून चार आण्यांच्या पुस्तकात छापावी, हे त्याला कसे रुचावे? आमच्या येथे पितळी भांडी घडविणारा कारागीर आपले ओतकामाचे प्रमाण शेजाऱ्याला सांगत नसे. त्याला कोणी देशद्रोही म्हटले नाही.

असे असूनही पुष्कळांनी दिले, हे विशेष. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली यांच्याकडून मनरंगांच्या परंपरेतल्या कितीतरी चिजा भातखंड्यांना मिळाल्या. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांच्या दरबारात वजीर खाँ हे बीनकार होते. तेथली विद्या मिळावी म्हणून भातखंडे रीतसर शागीर्द झाले. मुंबईतला पदवीधर ब्राह्मण वकील चाळिशी उलटल्यावर गंडा बांधून घेतो, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. देणाऱ्याचा मान राखल्याखेरीज मिळत नाही, हे त्यांना कळत होते. शास्त्राच्या वादात मात्र ते उस्तादांना कित्येकदा कठोर बोलत, आणि त्यांच्या त्या बोलण्यात थोडा शिकलेल्या माणसाचा ताठा आम्हांस दिसतो.

लिपी त्यांनी मुद्दाम साधी केली. सा रे ग म ही अक्षरे तीच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्रातल्या स्वराखाली टिंब, तारातल्यावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. एका मात्रेत दोन-चार स्वर आले की खाली कमान. एवढे की झाले. गावच्या छापखान्यात खिळे जुळविणारा माणूसही चार दिवसांत हे जुळवू शकेल. पलुसकरांची लिपी कालमापनात अधिक बारकाईची होती. परंतु तिला चिन्हे अधिक लागत, आणि चिन्हे अधिक म्हणजे नकलेत चुका अधिक. कोणती लिपी श्रेष्ठ या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. पसरली मात्र सोपी तीच. टिकण्याशी सोपेपणाचा फार जवळचा संबंध असतो. आमच्या सभासद-पावतीवर चार रकाने होते तोवर ती भरली जाई, कोणी सुधारणा करून नऊ केले तेव्हा कोरी येऊ लागली.

'हिंदुस्थानी संगीत पद्धती - क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने १९२० च्या आगेमागे पहिला भाग निघाला आणि एकापाठोपाठ सहा भाग झाले. शेवटचे भाग भातखंड्यांच्या पश्चात, १९३७ साली बाहेर आले. त्यांत सुमारे अठराशे चिजा आहेत. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय झाले, १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज झाले. त्या कॉलेजाच्या जागी आज भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. पुस्तके मुळात मराठीत होती हे आपल्याला अभिमानाचे वाटेल; पण ती नुसती मराठीत राहिली असती तर किती टिकली असती याची शंका आहे. राजा नवाब अली यांनी याच पद्धतीवर उर्दूत 'मारिफुन्नगमात' लिहिले. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने क्रमिक मालिका हिंदीत आणली आणि ती उत्तर हिंदुस्थानात प्रत्येक संगीत शिक्षकाच्या पेटीत गेली. हे हाथरसचे कार्यालय १९३२ साली काढणारे गृहस्थ म्हणजे विनोदी कवी काका हाथरसी. ज्या माणसाने लोकांना हसविले त्यानेच अठराशे चिजांना दुसरे घर दिले. १९३३ साली भातखंड्यांना पक्षाघात झाला आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले. तेव्हा त्यांच्याबरोबर जाण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. जे होते ते छापून बाहेर पडले होते, आणि जे छापता येत नाही ते श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारख्या शिष्याच्या गळ्यात होते.

चिजा जमविताना भातखंड्यांनी फोनोग्राफचाही उपयोग केला होता. त्या काळचे ध्वनिमुद्रण मेणाच्या नळीवर होई. नळी जितकी वाजवावी तितकी झिजे, आणि नुसती ठेवली तर दमट हवेत तिला बुरशी येई. नवे यंत्र जुन्या कागदापेक्षा टिकाऊ असतेच असे नाही, हे तेव्हाही खरे होते.

आता थोडे परदेशात डोकावू. तिकडे स्वरलिपी छापण्याची विद्या पाचशे वर्षांची आहे. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने १५०१ साली व्हेनिसात खिळ्यांनी छापलेले बहुस्वरी संगीताचे पहिले मोठे पुस्तक काढले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही संपूर्ण प्रत आज जगात नाही! ते पुस्तक आपल्याला समग्र ठाऊक आहे ते १५०३ आणि १५०४ सालच्या पुनर्मुद्रणांमुळे. माँतेवेर्दी या इटालियन रचनाकाराचे 'आरियाना' हे संगीत नाटक १६०८ साली मांतुआ येथे झाले आणि फार गाजले. आज त्या नाटकाच्या संगीतातला नायिकेचा एक विलाप तेवढा शिल्लक आहे. तो लोकांना आवडला, म्हणून त्याच्या नकला झाल्या, तो वेगळा छापला गेला. बाकीचे संगीत नाहीसे झाले. जर्मनीच्या योहान सेबास्टियन बाखने एकट्या चेलो वाद्यासाठी सहा रचना केल्या; त्याच्या हातची प्रत हरवली. त्या आज वाजतात त्या मुख्यतः त्याची पत्नी आन्ना माग्दालेना हिने काढलेल्या नकलेवरून. घरातल्या बाईने सवडीने काढलेली नक्कल! तिचे नाव कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच छापतात.

आपल्या काळात हे सारे संगीत आंतरजालावर आले. फेब्रुवारी २००६ मध्ये कॅनडातल्या एडवर्ड गुओ नावाच्या एका संगीत विद्यार्थ्याने पेत्रुच्चीच्याच नावाने एक ग्रंथालय सुरू केले. ज्या रचनांवरचा हक्क संपला आहे त्यांची छापील पाने यंत्राने टिपून घ्यावयाची, आणि जगात कोणालाही फुकट पाहता येतील अशी ठेवावयाची. पगारी माणूस नाही. जगभरचे हौशी लोक पाने पाठवीत. दीड-पावणेदोन वर्षांत तेथे हजारो रचना जमल्या. आणि १९ ऑक्टोबर २००७ रोजी ग्रंथालय एकाएकी बंद झाले. आग नाही, पूर नाही. व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेच्या वकिलाचे पत्र आले होते.

भांडण समजून घेण्याजोगे आहे. कॅनडाच्या त्या वेळच्या कायद्याने रचनाकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी त्याची कृती सर्वांची होई; युरोपात सत्तर वर्षांनी. हंगेरीचा बार्तोक १९४५ साली वारला. म्हणजे २००७ साली त्याचे संगीत कॅनडात मोकळे आणि ऑस्ट्रियात बांधलेले. पान एकच, पण ते कोठे उभे राहून पाहावयाचे यावर कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरणार. प्रकाशकाची बाजू अगदीच खोटी नव्हती. रचनाकारांच्या वारसांना त्यातून उत्पन्न असते, आणि कष्टाचा मोबदला बुडावा असे आम्ही तरी म्हणणार नाही. परंतु एका विद्यार्थ्याजवळ न्यायालयात लढावयास पैसा कोठून असणार? वादग्रस्त पाने थोडी, आणि कुलूप सगळ्या ग्रंथालयाला. त्यात तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्यांचे संगीतही अडकले.

पाने नष्ट झाली नव्हती. त्यांच्या प्रती यंत्रात सांभाळलेल्या होत्या, म्हणून ३० जून २००८ रोजी ते ग्रंथालय पुन्हा उघडले. या खेपेस प्रत्येक कृतीवर ती कोणत्या देशात मोकळी आहे हे तपासून लिहिण्याची व्यवस्था करून. आज तेथे दोन लाखांहून अधिक कृती आहेत. मधल्या आठ महिन्यांत मात्र जगभरच्या शिकणाऱ्यांना एक गोष्ट कळली: जे सर्वांना दिसते ते सर्वांजवळ असते असे नाही. हजारो लोक एकाच कपाटातून वाचत होते. कॅनडाने पुढे २०२२ च्या अखेरीस आपलीही मुदत सत्तर वर्षांची केली. आपल्या देशात ती साठ आहे. भातखंड्यांना जाऊन नव्वद वर्षे होत आली, तेव्हा त्यांची मूळ मराठी पुस्तके केव्हाच सर्वांची झाली आहेत. ज्याला शक्य असेल त्याने त्यांची पाने टिपून ठेवावीत. कायदा आड येत नाही. हिंदी भाषांतराचे हक्क मात्र वेगळे असू शकतात, ते पाहावे.

यंत्रातल्या प्रतीविषयी दोन शब्द सांगतो, कारण आमच्या तरुण कार्यकर्त्यांचाही यात घोटाळा होतो. एका सर्व्हरवर जे आहे तेच तत्काळ दुसऱ्यावर उमटते, त्याला ते 'आरसा' म्हणतात. आरसा ही राखीव प्रत नव्हे. तुम्ही चेहऱ्याला काजळ फासले तर आरशातही ते फासले जाते. मूळ पान कोणी चुकून पुसले तर आरशातलेही पुसले जाते. राखीव प्रत म्हणजे काल जशी होती तशी बाजूला ठेवलेली. जाणते लोक म्हणतात, तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. शिवाय ताळा पाहावा. जुना मुनीम रकान्याखाली बेरीज लिहून ठेवी आणि पुन्हा जमवून पाही. यंत्रही प्रत्येक पानाची एक बेरीजवजा खूण काढते, आणि वर्षाने ती जुळली नाही तर पान कुजले असे समजावे. हार्ड डिस्क कपाटात ठेवून दहा वर्षे न उघडणारा माणूस आणि पोथी बासनात बांधून वाळवीला देणारा माणूस, यांत आम्हांस फरक दिसत नाही.

दुसरे गाव का, हे भंडाऱ्याच्या लोकांना सांगावयास नको. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा शहरात शिरली तेव्हा घराघरांतल्या पेट्या भिजल्या. आमच्या संघटनेची सभासद-नोंदवही लगदा झाली. पण तिची नक्कल तुमसरला होती, म्हणून एकाही बाईचे नाव गेले नाही. आणि पूर नाही तर माणसे आहेत. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि ग्रंथ व हस्तलिखितांची नासधूस झाली. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलच्या रिओ शहरातले राष्ट्रीय संग्रहालय जळाले. आदिवासींच्या भाषांची आणि गाण्यांची ध्वनिमुद्रणे त्यात होती, आणि त्यांतल्या काही भाषा बोलणारे कोणी उरलेले नव्हते.

प्रत दूर ठेवण्याची कमाल पाहावयाची तर गोव्याच्या केसरबाई केरकरांकडे पाहावे. ध्वनिमुद्रणाविषयी त्या फारशा राजी नसत, आणि शिष्याही मोजक्याच केल्या. पण १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकात एक सोनेरी तबकडी होती आणि दोहोंवर केसरबाईंची भैरवी. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. त्यांच्या गाण्याच्या त्या दोन प्रती सूर्यमालेच्या कडेपलीकडे चालल्या आहेत. तेथे ना वाळवी, ना पूर, ना वकील. फक्त तेथून कोणाला काही शिकता येत नाही.

आता आपल्या घरचे. झाडीपट्टीची दंडार, खडी गंमत आणि झाडीबोली यांविषयी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी लिहून ठेवले, म्हणून त्यांची पुस्तकातली बाजू तरी भक्कम आहे. परंतु धानाच्या रोवणीला बाया जी गाणी म्हणतात, बिड्या वळताना ज्या ओळी एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जातात, त्यांचे शब्द कोठे कोठे उतरले असतील. चाली उतरलेल्या नाहीत. क्यूबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखविणारा माणूस ठेवण्याची चाल पडली. आमच्या बायांना वाचक मिळाला नाही, म्हणून त्या स्वतःच गात राहिल्या. आता रोवणी यंत्राने होऊ लागली आहे आणि यंत्राला गाणे लागत नाही. बिडीचे कामही ओसरत आहे; त्याचे दुःख करावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, कारण त्या धुळीने छातीचे काय होते ते आम्हांस ठाऊक आहे. पण गाणे ओसरावे अशी कोणाचीच इच्छा नव्हती.

येथे उस्तादांचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. गाणे देणारी बाई कोण, तिचे नाव वहीत असावे की नसावे, आणि उद्या कोणी त्या चालीवर पैसे मिळविले तर तिला काय? आमच्या मंडळींत यावर दोन बैठका झाल्या. ठरले ते असे, की जिचे गाणे तिला विचारून लिहावयाचे, तिची हरकत नसेल तर तिचे व तिच्या गावाचे नाव लिहावयाचे, आणि वहीची एक प्रत प्रथम तिच्या हाती द्यावयाची. काहींनी नाव देऊ नका असे सांगितले; सासर-माहेरच्या थट्टेची गाणी असतात, त्यात अडचण समजण्याजोगी आहे.

आजवर एकतीस गाणी शब्दांनिशी उतरली आहेत. त्यांपैकी सतरांची चाल भातखंडे लिपीत झाली. हार्मोनियम शिकविणारे एक निवृत्त मास्तर रविवारी येतात आणि बाया गातात तसे लिहितात. कोठे कोठे त्यांचा हात थांबतो, कारण बाया रे आणि ग यांच्या मधला एक स्वर घेतात, आणि तो पट्टीवर नाही. तेथे मास्तर पेन्सिलीने बारीक फुली करतात आणि बाजूला त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक लिहितात. वहीची एक प्रत भंडाऱ्यास, एक तुमसरला, एक साकोलीला आहे. राहिलेल्या चौदा चाली पुढच्या रोवणीपूर्वी व्हावयाच्या आहेत, कारण त्यांतल्या पाच ज्या आजीबाईंना येतात त्या अड्याळकडे लेकीच्या घरी असतात आणि पाऊस लागला की नाल्यावरून गाडी जात नाही.